लँडमास्टर गाडी माझ्यामागे कुणाची

मी, श्रीमती मुक्ताबाई कोंडीराम भाडळे, वय वर्षे सत्तर, शिक्षण जुनी अकरावी, राहणार विश्रांतवाडी, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी प्रकृती वयाच्या मानाने ठीक आहे आणि स्मरणशक्ती घरातल्यांना नकोशी वाटेल इतकी चांगली आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. सत्तर वर्षांत जो कुणाला जमला नाही, तो आता जमण्याचं कारण नाही.

हा मसुदा ॲडव्होकेट भाग्यश्री सहस्रबुद्धे यांनी वाचला आणि निम्म्या मजकुरावर लाल रेघा मारल्या. म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात, मत्सर नाही." मी म्हटलं, "घराचे पैसे मोबदल्यातले, दागिने सासूबाईंचे, ठेवी नवऱ्याच्या. मत्सर तेवढा माझा स्वकष्टार्जित आहे. तोच वगळू?" त्यावर त्यांनी लाल पेन पर्समध्ये ठेवलं. तेव्हा ज्यांना फक्त मिळकतीशी कर्तव्य आहे त्यांनी कलमं दोन ते चार वाचून कागद खाली ठेवावा.

कलम १. माझे पती कोंडीराम गेनबा भाडळे २०११ साली वारले. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर पोपट, २०१५ साली वारले. मला एकच मुलगा, अभिनव. तो खराडीला संगणकाच्या कंपनीत आहे. सून रुपाली. दिरांची पत्नी द्वारका, माझी धाकटी जाऊ, हयात आहे आणि धानोरीच्या बंगल्यात राहते. या कागदात तिचं नाव माझ्या मुलापेक्षा जास्त वेळा येणार आहे. त्याला इलाज नाही.

कलम २. विश्रांतवाडीचा राहता फ्लॅट अभिनव आणि रुपाली या दोघांच्या नावे समान द्यावा. रुपालीचं नाव मुद्दाम घातलं आहे. अभिनव तोंडाने काही बोलत नाही आणि ती काही बोलायचं सोडत नाही, त्यामुळे घर दोघांचं मिळूनच चालतं. तिच्याविषयी माझी एक तक्रार आहे, ती योग्य ठिकाणी येईल.

कलम ३. बँकेत ज्या ठेवी उरल्या आहेत त्या अभिनवच्या. "उरल्या" हा शब्द मी विचार करून वापरला आहे. कारण कलम आठमध्ये.

कलम ४. सासूबाईंनी मला थोरली सून म्हणून दिलेली सोन्याची बोरमाळ रुपालीला द्यावी. ही माळ देताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "मुक्ता, ही तुझ्या मानाची. द्वारकाला काय, ती कशातही गोड मानून घेते." म्हणजे मला माळ मिळाली आणि तिला कौतुक. माळ अडचणीला मोडता येते. कौतुक मोडता येत नाही, ते गावभर फिरत राहतं.

माझ्या हातचं पिठलं खाऊन सासरे पाणी मागायचे आणि तिच्या हातचं खाऊन भाकरी मागायचे. मला विषमज्वर झाला तेव्हा महिनाभर तिनं माझं घर सांभाळलं, माझ्या मुलाला न्हाऊ-माखू घातलं. मी उठले तेव्हा अभिनव माझ्याकडे यायला तयार नव्हता. तिनं वाईट काही केलं असतं तर मला केवढं बरं वाटलं असतं! सत्तेचाळीस वर्षं मी वाट पाहते आहे. बाई तशी संधीच देत नाही.

कलम ५. आता जमीन. ती आमच्याकडे राहिलेली नाही, पण ती कशी गेली हे समजल्याशिवाय गाडीचं प्रकरण समजणार नाही.

आमच्याकडे वाटणीची रीत अशी की थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे वाटे करणारा लबाडी करत नाही. १९८९ साली यांनी दोन वाटे केले. एकात विहिरीचा मळा. दुसऱ्यात धानोरीचा खडकाळ माळ, आणि तो अगदीच हलका दिसू नये म्हणून वर दोन म्हशी आणि सासऱ्यांची लँडमास्टर गाडी. सगळी भावकी जमली होती. पोपटभावजी मळाच उचलणार हे शेंबड्या पोराला कळत होतं. तेवढ्यात द्वारका त्यांच्या कानाशी काही बोलली आणि भावजींनी माळावर बोट ठेवलं.

ती सगळ्यांदेखत म्हणाली, "थोरल्यांचं पोरगं शिकतंय. मळा त्यांच्याकडं ऱ्हाऊ द्या. आमी दोघं काय, कुटंबी भागवू."

भावकीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते वेगळं पाणी होतं.

पुढं मळा महापालिकेच्या हद्दीत आला आणि त्याच्यावर आरक्षण पडलं. कशाचं, तर सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्राचं. मोबदला मिळाला, त्यात एक फ्लॅट आणि थोड्या ठेवी झाल्या. आणि ज्या माळावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, तिथं संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. द्वारकाला आजही दरमहा भाडं येतं. तिच्या मनात काही नव्हतं हे मला माहीत आहे. १९८९ साली संगणक म्हणजे काय हे तिला काय, तिच्या माळालाही ठाऊक नव्हतं. कपटानं श्रीमंत झालेल्या माणसाला निदान नावं तरी ठेवता येतात.

कलम ६. गाडी. सासऱ्यांनी ती कॅम्पातल्या एका पारशी डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. करडा रंग, गोल पाठ. गावात तिला लँडमास्तर म्हणत. त्या गाडीतून मी १९७३ साली नवरी होऊन आले आणि १९७६ साली द्वारका आली.

मी थोरली सून. पण त्या गाडीत पुढच्या सीटवर, खिडकीशी, वारा खात मी एकदाही बसले नाही. का? तर द्वारकाला गाडी लागते. घराबाहेर पडून शंभर पावलं गेली की तिचा चेहरा पांढरा पडायचा आणि सासरे म्हणायचे, "तिला पुढं घ्या." आळंदीला जा, जेजुरीला जा, द्वारका पुढं आणि मी मागं, मांडीवर अभिनव, पायाशी बाजरीचं पोतं आणि शेजारी सासूबाईंचा पानाचा डबा. लोक वेशीत उभे राहून बघायचे. त्यांना पुढं बसलेली सून दिसायची.

वाटणीनंतर भावजींनी माळाला कुंपण घालायचं म्हणून १९९२ मध्ये गाडी विकली. आम्हाला विचारलं होतं. यांनी परस्पर नको म्हटलं. त्याबद्दल यांच्याशी काय बोलायचं ते मी यांच्या हयातीतच बोलून घेतलं आहे.

कलम ७. २०१९ च्या मार्चमध्ये अभिनवनं मला संगणकावर फोटो दाखवला. "आई, ही बघ, आपलीच आहे का?" करडा रंग, मागच्या दाराला सासऱ्यांच्या काठीचा पोचा. नंबरही तोच. मुंबईची एक कंपनी जुन्या गाड्यांचा लिलाव इंटरनेटवर करते, त्यात ती आली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, वकीलबाई नको म्हणाल्या.

त्याच्या आदल्याच आठवड्यात एका बारशाला द्वारका म्हणाली होती, "आमची लँडमास्तर परत गावली तर दारात लावीन म्हनते. ह्यांचा लई जीव हुता तिच्यावर." आमची! मी त्याच क्षणी ठरवलं होतं की ती गावणार नाही.

लिलाव मला नवा नव्हता. माझे वडील गुळाचे अडत्ये, आधी भवानी पेठेत आणि मग मार्केट यार्डात गाळा. लहानपणी ढेपांच्या थप्पीवर बसून मी बोली ऐकलेली आहे. वडील सांगायचे, "मुक्ते, समोरच्या माणसाकडं बघून बोली करू नये, मालाकडं बघून करावी." मी हे वाक्य आयुष्यभर लोकांना ऐकवलं.

इथं मात्र समोर माणूसच नव्हता. अनामत भरली की सभासद क्रमांक मिळायचा. पडद्यावर प्रत्येक बोलीपुढे तो क्रमांक आणि गावाचं नाव दिसे, बस. बोली सहा लाखांवर सुरू झाली. दोनतीन जण सोलापूर, बडोदा असे होते, ते लवकर गळाले. माझ्यापुढे एकच उरला. सभासद ४१७, पुणे.

पुणे! पुण्यात या गाडीसाठी जीव टाकणारं दुसरं कोण असणार?

कलम ८. लिलाव पाच दिवस चालला. जाणकार म्हणत होते, गाडी आठ लाखांची आहे, फार तर साडेआठ. मी आठला पोचले, ४१७ वर गेली. मी "गेली" लिहिते आहे, कारण माझ्यापुढे तो क्रमांक नव्हताच. माझ्यापुढे हिरवं नऊवारी लुगडं नेसलेली, कशातही गोड मानून घेणारी द्वारका होती. मी दहा म्हटलं की ती सव्वादहा. मी बारा, ती सव्वाबारा. अभिनव म्हणाला, "आई, पुरे आता, ही गाडी इतक्याची नाही." मी म्हटलं, "गाडीचं कोण बोलतंय?"

चौथ्या दिवशी मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. एक मुलगी गोड बोलत होती. तिला म्हटलं, "बाळ, ती ४१७ माझी जाऊ आहे. तिला माझा पत्ता लागू देऊ नका. ती जितकं म्हणेल त्याच्यावर माझे पंचवीस हजार धरा." मुलगी म्हणाली, "नक्की, मॅडम." चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या अशा. किल्ल्या देऊन वर मी तिला आशीर्वादही दिला.

शेवटच्या दिवशी, रविवारी, एकवीस लाखांवर ४१७ थांबली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत माझं अभिनंदन आलं. मी ठेवी मोडल्या. लग्नात वाजलं नव्हतं इतकं त्या दिवशी माझ्या कानात वाजत होतं.

कलम ९. गाडी दारात आली त्याच संध्याकाळी द्वारका पेढे घेऊन आली. मी तिचा चेहरा बघायला चष्मा पुसून तयार होते.

ती गाडीवरून हात फिरवत म्हणाली, "जाऊबाई, लई ब्येस झालं. घरातली लक्ष्मी घरात आली."

मी म्हटलं, "तुला वाईट वाटलं असेल."

"मला कशाचं? शेजारच्या तेजसनं मला बी दावली हुती ती विंटरनेटवर. म्या घ्येनारच हुते. पर रुपाली म्हनली, आत्याबाईंना पायजे हाय. मंग म्या हातच लावला न्हाई. तुमाला पायजे म्हनल्यावर म्या कशाला मधी पडू?"

रुपालीविषयीची तक्रार ती हीच. सांगायचं होतं तर दोघींनाही सांगायचं.

मी विचारलं, "एकदाही बोली केली नाहीस?"

"देवाशपथ न्हाई. पेढा घ्या की."

मी पेढा घेतला. एकवीस लाखांचा तो पेढा अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही. तिनं मला हरवलं असतं तर सोसलं असतं. ती खेळलीच नाही.

मग अभिनवनं शोध घेतला. हा ४१७ त्या कंपनीच्या आणखी कितीतरी लिलावांत सापडला. आमच्या गाडीत तो पुण्याचा होता, एका फियाटच्या वेळी नागपूरचा, एका जीपच्या वेळी नाशिकचा. जिथलं गिऱ्हाईक पेटलेलं, तिथला हा. आणि एकदाही त्यानं गाडी घेतलेली नव्हती. बाजारात असा माणूस भाव चढवायलाच उभा केलेला असतो, माल कधी उचलत नाही. वडिलांच्या गाळ्यावर मी असा माणूस दहा वर्षांची असताना ओळखला असता. पण तिथं माझी जाऊ बोली करत नव्हती.

कलम १०. ग्राहक मंचाकडे तक्रार केली. कंपनीनं उत्तरात माझ्या फोनचं ध्वनिमुद्रण जोडलं. म्हणणं असं की, बाईंना स्पर्धक कोण हे माहीत होतं, ती त्यांची जाऊ आहे असं त्यांनी स्वतः सांगितलं, आणि त्या राजीखुशीनं चढल्या. वकीलबाई म्हणाल्या, सोपं आहे, तुमच्या जावेचं प्रतिज्ञापत्र द्या की बोली तिची नव्हती.

द्वारका एका हाकेवर आली. तिनं सांगितलं ते वकीलबाईंनी लिहून घेतलं आणि मला वाचायला दिलं. त्यात होतं, "माझ्या थोरल्या जावेचा माझ्याविषयी गैरसमज झाला. त्यात त्यांचा दोष नाही. त्या मला पाठच्या बहिणीसारखं मानतात."

हे न्यायाधीशांसमोर मोठ्यानं वाचलं जाणार होतं. मी त्याच दिवशी तक्रार मागे घेतली. बारातेरा लाख गेले, जाऊ देत. माझ्या मृत्यूनंतरही अभिनवनं ती पुन्हा दाखल करू नये. पैसे परत मिळतील, पण तो कागद पुन्हा वर येईल.

कलम ११. गाडी आल्यावर पहिल्यांदा आम्ही कात्रजला गेलो. अभिनव चालवत होता. मी पुढं बसले, खिडकीशी. सेहेचाळीस वर्षांनी. येरवड्याच्या पुलापर्यंत मी राणी होते. तिथं मागून द्वारकाचा आवाज आला, "जाऊबाई, मळमळतंय वो." उरलेला सगळा रस्ता मी मागं बसून काढला. शेजारी फक्त पानाचा डबा नव्हता.

कलम १२. आता मुद्द्याचं. सदर लँडमास्टर गाडी माझ्या मृत्यूनंतर श्रीमती द्वारका पोपट भाडळे हिला द्यावी.

अभिनव, तोंड वासू नकोस. तुझ्या आईला उपरती झालेली नाही. तुझ्या द्वारकाकाकूनं आयुष्यभर दिलं. मळा दिला, महिनाभर माझ्या घरात भाकरी थापून दिली, गाडी सोडून दिली. आणि मी घेत आले. घेणाऱ्याच्या पोटात काय होतं हे तिला एकदा कळू दे. माझ्या हातून तिनं एक मोठी वस्तू घ्यावी आणि तिला नाही म्हणता येऊ नये. मेलेल्या माणसाशी "तुमीच ठेवा" असं बोलता येत नाही.

अटी: तिनं ही गाडी तुला, रुपालीला किंवा कुणालाही परत देऊ नये. ती पहिल्याच दिवशी तसा प्रयत्न करील, मी ओळखून आहे. गाडी विकून ते पैसे माझ्या नावानं कुठल्या देवळाला देऊ नयेत. गाडी तिच्या दारात, रस्त्यावरून दिसेल अशी उभी राहावी, आणि कुणी विचारलं तर "जाऊबाईंनी दिली" असं तिनं तिच्या तोंडानं सांगावं. हे कलम तिला माझ्या हयातीत कुणी सांगू नये. रुपाली, विशेषतः तू.

कलम १३. इथं मृत्युपत्र संपायला हवं होतं. पण वकीलबाई म्हणाल्या, एक प्रश्न प्रत्येकाला विचारावा लागतो. "द्वारकाबाई तुमच्याआधी गेल्या तर गाडी कुणाला?"

मी म्हटलं, "ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे."

त्या म्हणाल्या, "आजी, तिथं सेवाज्येष्ठतेची यादी नसते."

मी मसुदा घेऊन घरी आले आणि या कलमाची जागा बरेच दिवस कोरी राहिली. गेल्या दिवाळीनंतर द्वारकाला छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. मी रोज जात होते. भेटायला कोण कोण येतं ते मोजायला जाते, असं मी रुपालीला सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. एक दिवस गेले तर खाट रिकामी. चादर बदललेली. नर्सला विचारायला माझं तोंड उघडेना. मी तिथल्या बाकावर बसले आणि मला रडू आलं, चारचौघांत, पदराचं भान न राहता. मनात एवढंच होतं की आता मी सकाळी उठून कुणाच्या बंगल्याकडे बघायचं? कुणाचं काय चाललंय हे कुणाला विचारायचं? तिला तपासणीला नेलं होतं. चाकाच्या खुर्चीतून परत आली आणि मलाच म्हणाली, "जाऊबाई, चा घेतला का?" तेव्हा तिचा आलेला राग अजून गेलेला नाही.

तेव्हा वकीलबाईंच्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवते. द्वारका माझ्याआधी गेली तर हे सगळं मृत्युपत्र रद्द समजावं. राहिलेलं कुणी कसं वाटून घ्यायचं ते घ्यावं, मला त्यात रस उरणार नाही.

पण तिनं तसं करू नये. पंगतीत, देवळात, वाटणीला, लिलावाला, ती दर वेळी मागं थांबली आणि मला पुढं जाऊ दिलं, आणि दर वेळी माझा जळफळाट झाला. ही एक खेप तिनं तसंच मागं थांबावं. या वेळी मी रागावणार नाही.

येणेप्रमाणे वरील मजकूर मी शुद्धीवर असताना लिहिला, स्वतः वाचून पाहिला, आणि त्यातला एकही शब्द मागे घ्यावासा वाटला नाही म्हणून सही केली.

(सही) मुक्ताबाई कोंडीराम भाडळे

मुक्ताबाईंनी वरील सही आमच्यादेखत केली आणि त्यानंतर आम्ही दोघांनी त्यांच्यादेखत सह्या केल्या.

साक्षीदार:
१. (सही) मच्छिंद्र नामदेव शेलार, शेजारी, विश्रांतवाडी
२. (सही) इंदुबाई रामभाऊ गव्हाणे, सेवानिवृत्त शिक्षिका, विश्रांतवाडी

ठिकाण: पुणे
तारीख: १२ ऑक्टोबर २०२३